शोक असलेल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळात काय न्यावं, काय बोलावं?

कावेसर_ई_विंग
घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळचे कॅथलिक), मंगळुरी आणि नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती अशी बरीच कुटुंबं आहेत. दिवाळीला आपली ताटं त्यांच्याकडे जातात, नाताळात त्यांची आपल्याकडे येतात. यंदा दोन घरांत माणूस गेलंय, तिसऱ्या घरात आजी ऑक्सिजनवर आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, यंदा शुभेच्छाच नकोत. दुसरा म्हणतो, सगळं नेहमीसारखं करा, म्हणजे त्यांचं मन रमेल. मला दोन्ही पटत नाही. त्यांच्यात सुतक असतं का? गोड न्यायचं का? कॅरोल, म्हणजे नाताळगीतं, म्हणत फिरणाऱ्या मुलांना त्या दारांवरून पुढे न्यायचं का? जाणकारांनी नेमकं सांगा. भावना सगळ्यांच्याच चांगल्या आहेत, घोडं अडतंय ते तपशिलात.

चरईची_मावशी
सुतक नाही. कॅथलिक घरात मृत्यूनंतर कुणी चर्चला जायचं थांबत नाही, उलट जास्तच जातात. रीत वेगळी आहे. पहिल्या वर्षी बहुतेक घरांत फराळ तळत नाहीत, बाल्कनीत रंगीत चांदणी लावत नाहीत, नवे कपडे घेत नाहीत. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मात्र मांडतात, कारण ती सजावट नाही, भक्ती आहे. म्हणजे त्या घरात नाताळ असतो, फक्त कढई चढत नाही. म्हणूनच ताट तुम्ही न्यायचं. दोन माणसांच्या घराला छोटं ताट पुरे. मोठं नेलंत तर आलेल्या-गेलेल्यांना वाटत बसायचं काम त्या बाईच्याच गळ्यात पडतं.

शुभेच्छा द्या, फक्त 'मेरी ख्रिसमस' असं ओरडत दारात उभे राहू नका. 'नाताळाची शांती तुमच्या घरी असो' एवढं म्हटलंत तरी पोचतं.

वाशी_सेक्टर_नऊ
मावशींना एक पुरवणी. आधी घर कुठल्या पंथाचं आहे ते विचारा. सगळे ख्रिस्ती एकसारखे नसतात. घर कॅथलिक असेल तर गेलेल्या माणसाच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगता येते आणि त्यांना ते फार मोलाचं वाटतं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट किंवा इतर प्रोटेस्टंट घरात सहसा मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. नगर-जालन्याकडची कुटुंबं बहुधा या दुसऱ्या गटातली असतील, पण गृहीत धरू नका. त्यांना 'त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली' म्हणालात तर ते अवघडतील. 'तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' हे मात्र दोन्हीकडे चालतं.

कावेसर_ई_विंग
हे अजिबात माहीत नव्हतं. हिंदू माणसाने मिस्सा सांगितली तर चालते का?

पॅरिश_ऑफिस_मदतनीस
चालते. कुणीही सांगू शकतं. शेजाऱ्यांना त्यांचा धर्मग्राम, म्हणजे त्यांच्या चर्चचा विभाग, कोणता ते विचारा. ठाण्यात तो पत्त्यावरून ठरतो. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट वेगळं, पोखरणचं अवर लेडी ऑफ मर्सी वेगळं. ऑफिसात जाऊन गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, हवी ती तारीख आणि वेळ लिहून द्या, तिथे सांगतील ती देणगी द्या. नाव सुवाच्य लिहा, कारण वेदीवरून वाचलं जातं आणि चुकीचं वाचलेलं नाव घरच्यांना फार लागतं. २५ तारखेचा आग्रह धरू नका. त्या दिवशी गर्दी असते आणि मिस्साचा सगळा सूर जन्मोत्सवाचा असतो. २६ पासूनच्या साध्या दिवशीची घ्या. कुटुंबाला तारीख आधी कळवा, म्हणजे त्यांना येता येईल.

ज्या घरात बाळ गेलं असेल त्यांच्यासाठी २८ डिसेंबर लक्षात ठेवा. हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा तो स्मरणदिन, नाताळाच्याच आठवड्यात येतो. अशा आईबापांना त्या दिवशी चर्चमध्ये आपली जागा आहे असं वाटतं.

आणि आजींच्या घरासाठी: आजारी माणसाला कम्युनियन, म्हणजे मिस्सात देतात ती पवित्र भाकर, घरी आणून देतात, पण त्यासाठी ऑफिसात नाव नोंदवावं लागतं. डिसेंबरात यादी लांब असते, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच सांगा. घरी एक छोटं टेबल, स्वच्छ पांढरा कपडा, क्रूस आणि पेलाभर पाणी इतकी तयारी. कम्युनियनआधी एक तास न खाण्याचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही, तेव्हा आजींना उपाशी ठेवू नका, औषधंही लांबवू नका. गिळायला त्रास असेल तर आणणाऱ्याला आधी सांगा, अगदी लहान तुकडा पाण्याबरोबर देतात. सोसायटीने करण्यासारखं काम म्हणजे गेटवर नोंद आधी करून ठेवणं. कम्युनियन घेऊन आलेला माणूस वाटेत गप्पा मारत थांबत नाही. त्याला वॉचमनच्या टेबलापाशी उभं करून फोनाफोनी करायला लावू नका.

ऐरोली_सिस्टर
वरच्या यादीत टेबलावर मेणबत्ती नाही, बरं झालं. बाकीच्या घरांत दोन मेणबत्त्या लावतात, पण ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत ज्योत अजिबात नको. मेणबत्ती, उदबत्ती, धूप, केकवरची मेणबत्ती, सगळं किमान ३ मीटर लांब, खरं तर दुसऱ्याच खोलीत. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण उशी-चादरीत मुरतो आणि मग ठिणगीलाही भडका होतो. बॅटरीवरची मेणबत्ती घ्या. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरी ऑक्सिजन पुरवणारं मशीन, थेट भिंतीच्या प्लगवर हवा. लोक हौसेने गव्हाणीची दिव्यांची माळ त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर लावतात, बोर्ड तापतो आणि मशीन बंद पडतं. भरलेला सिलिंडर जवळ आहे का ते २३ लाच बघा, सुट्टीत रिफिल मिळवताना धावपळ होते.

न्यायच्या वस्तूंबद्दलही सांगते, कारण सांत्वनाला जाताना लोक डोळे झाकून फळांची परडी नेतात. डायलिसिसवरच्या माणसाला केळं, संत्रं, शहाळं, खजूर, मनुका, सुकामेवा, चॉकलेट हे सगळं पोटॅशियममुळे घातक. हृदयाची लय बिघडू शकते. आणि नाताळचा फ्रूट केक म्हणजे मनुका आणि सुकामेवाच. सुट्टीमुळे डायलिसिसची पाळी पुढे सरकली असेल तर पथ्य आणखी कडक. अर्धांगवायू किंवा पार्किन्सन्स असेल तर कोरडा केक, नानकटाई, कुलकुल (नाताळातले तळलेले गोड शिंपले) नको. चुरा श्वासनलिकेत जातो. त्यांना घट्ट कस्टर्ड द्या. केमो चालू असेल तर ताजी फुलं आणि मातीची कुंडी नको, सर्दी झालेली मुलं तर नकोच. एका वेळी दोघे, दहा-पंधरा मिनिटं, आणि उग्र अत्तर न लावता.

चरईची_मावशी
सिस्टर, देव तुमचं भलं करो. हे चर्चच्या सूचनाफलकावर लावायला हवं.

कुलकुलवाली
ताटाचं मी सांगते. कुलकुल घरी करायचे असतील तर अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम लोणी, दोन अंडी, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं घट्ट दूध लागेल तसं. दूध एकदम ओतू नका, पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं. ओल्या कपड्याखाली अर्धा तास ठेवायचं. मग हरभऱ्याएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे ढकलायची, की ती आपोआप शिंपल्यासारखी वळते. टोक नीट दाबलं नाही तर तेलात उलगडते. आच मध्यम ठेवा. तेल कडक असेल तर बाहेरून लाल आणि आत कच्चं. सगळ्यात जास्त घात होतो तो गरम असतानाच डब्यात भरल्याने. वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. ताटात कागदावर पूर्ण गार करा.

शोकाच्या घरी वरून साखरेचा पाक चढवलेले नको, साधे न्या. सणाचा थाट कमी होतो आणि टिकतातही. रम घातलेला केक विचारल्याशिवाय नको, घरात कुणी औषधांवर असतं, आणि बरीच प्रोटेस्टंट कुटुंबं दारू घेत नाहीत.

माजिवडा_नाका
अंड्याशिवाय जमतील का? आमच्याकडे अंडं चालत नाही पण करून न्यायची इच्छा आहे.

कुलकुलवाली
जमतात. अंड्याऐवजी नारळाचं दूध थोडं वाढवा आणि दोन चमचे बारीक रवा घाला, खुसखुशीत होतात.

नेरूळचा_भाचा
गोडापेक्षा जेवण न्या. २५ च्या दुपारी सगळीकडे ताटं फिरत असतात, २६ ला रात्री त्या घरात काय शिजतं ते कुणी बघत नाही. नाताळ एका दिवसाचा नाही. चर्चच्या पंचांगात नाताळकाळ जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तेवढ्या दिवसांत वार वाटून घ्या. आज एका घराने वरणभात-भाजी, परवा दुसऱ्याने मऊ खिचडी आणि सुकं चिकन. आदल्या दिवशी विचारा. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणू नका, कारण शोकातला माणूस सांगत नाही. 'उद्या संध्याकाळी साडेसातला डबा आणतो, किती जणांचा?' असं विचारलं की उत्तर मिळतं.

कागदपत्रांचंही तसंच. मृत्यू-दाखल्याच्या प्रती, बँकेचा नॉमिनीचा अर्ज, मागे राहिलेल्या जोडीदाराच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला. झेरॉक्स काढून फाईल लावून देणारा शेजारी दहा पुष्पगुच्छांना भारी. पण सोसायटीची थकबाकी आणि शेअर सर्टिफिकेट हस्तांतरणाचा विषय कमिटीने सणाच्या आठवड्यात काढू नये, ही कळकळीची विनंती.

कॅरोल_मंडळी_ठाणे
कॅरोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दार टाळू नका. कॅरोल म्हणणारे सगळ्या मजल्यावर थांबले आणि नेमके त्या दारावरून पुढे गेले, तर घरच्यांना वाटतं आपण आता वेगळे पडलो.

वाशी_सेक्टर_नऊ
इथे मी असहमत. ढोलकी, सांताक्लॉज, टोप्या घालून दारात पंधरा पोरं, आणि आत एकटी बाई. तिला हसून उभं राहावं लागतं. हा त्रास कशासाठी?

कॅरोल_मंडळी_ठाणे
ढोलकी घेऊन कोण म्हणतंय? आदल्या दिवशी फोन करायचा. 'नको' म्हणाले तर विषय संपला. 'या' म्हणाले तर चार-पाच जणच जायचं, वाद्यं आणि सांता खाली ठेवून. एकच संथ गीत, एक स्तोत्र, एक छोटी प्रार्थना, पाच-सात मिनिटांत बाहेर. देणगीची पेटी त्या दारात पुढे करायची नाही. रात्री नवाच्या आत. हे धरूनच मी 'टाळू नका' म्हटलं.

वाशी_सेक्टर_नऊ
फोन करून आणि पेटीशिवाय असेल तर माझी हरकत नाही. गीत निवडताना 'आनंद करा' प्रकारचं नको एवढं बघा.

मराठी_उपासक
काय बोलू नये हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. 'देवाची इच्छा होती', 'चांगली माणसं देवाला आधी हवी असतात', 'ते आता स्वर्गात नाताळ करत असतील', 'निदान त्रासातून सुटले'. ही वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात, ऐकणाऱ्याला नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, तो शोकात असताना, त्याचे मित्र येतात तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडून कारणं सांगायला लागल्यावर.

गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक घाबरून नाव टाळतात, घरच्यांना वाटतं सगळे विसरले. 'काकांनी लिफ्टच्या दुरुस्तीसाठी किती हेलपाटे घातले होते' असं काहीतरी खरं, छोटं, तुम्हाला माहीत असलेलं सांगा. रडू आलं तर येऊ द्या, लगेच पाण्याचा पेला पुढे करून थांबवू नका.

तुर्भे_रीडर
थोडा अवघड प्रश्न. नाताळात आणि ३१ च्या रात्री सगळी चर्च वर्षभराची कृतज्ञता व्यक्त करतात. ज्याचं माणूस याच वर्षात गेलं त्याने कशाचे आभार मानायचे? त्याला अशा उपासनेला बोलावणं क्रूर नाही का?

मराठी_उपासक
बोलवा, पण आभार मानायला लावू नका. बायबलमधली कृतज्ञता तक्रारीला गप्प बसवत नाही. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. १३ वं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं, 'किती वेळ?' असं देवालाच विचारत सुरू होतं आणि शेवटी भरवशावर येतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, तिथे भरवशाची ओळसुद्धा नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. शोकाच्या घरी वाचायचंच असेल तर १३ वं वाचा, किंवा २३ वं, ते सगळ्यांना पाठ असतं. धन्यवादाची लांबलचक स्तोत्रं जानेवारीनंतर.

येशूची आई मरीया हिच्या गीतात, लूक १:४६ पासून, स्तुती आणि दया एकाच श्वासात येतात, आणि ते गाणारी मुलगी त्या वेळी स्वतः अडचणीत आहे. शोकातल्या माणसाला ते गीत जवळचं वाटतं, त्यात देव भुकेल्यांच्या बाजूला उभा आहे.

चरईची_मावशी
कृतज्ञतेचं एक साधं काम घरच्यांनाही हलकं करतं. शेवटच्या दिवसांत ज्यांनी हात लावला त्यांची यादी: वॉर्डातली आया, रुग्णवाहिकेचा चालक, कबर खोदणारे, रात्री गेट उघडणारा वॉचमन. घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्या वतीने शेजाऱ्यांपैकी कुणीतरी चिठ्ठी आणि डबा पोचवून यायचं. कबर खोदणाऱ्याला नाताळात कुणी आठवत नाही.

कळवा_पूर्व
थोडं विषयांतर. बरीच कुटुंबं गेलेल्या माणसाच्या नावाने नाताळात धान्य वाटतात. कॅथलिक परंपरेत दयेची सात शारीरिक कृत्ये धरतात: भुकेल्याला अन्न देणं, कैद्याला भेटणं अशी सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातली, आणि मृतांना मूठमाती देणं हे सातवं तोबीतच्या पुस्तकातून आलेलं. पण शिध्यात लोक तांदूळच तांदूळ भरतात. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतंच, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. त्यांना तुटवडा असतो तो डाळ-तेलाचा. चौघांच्या घराला २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, १ किलो साखर, पाव किलो चहापत्ती, कांदे-बटाटे, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड. कार्ड नसलेल्या नाका कामगारांना मात्र तांदूळ-पीठ द्या. जांभळी नाक्याला घाऊकमध्ये घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. ठाण्याच्या थंडीला जाड ब्लँकेट लागत नाही. फुटपाथवरच्या माणसाला पातळ चादर आणि मच्छरदाणी जास्त उपयोगाची. आणि घेणाऱ्याला उभं करून फोटो नको.

तुर्भे_रीडर
तुरुंगातल्यांसाठीही काही करता येतं का? ठाण्याचं कारागृह तर शहरातच आहे.

पॅरिश_ऑफिस_मदतनीस
थेट जाऊन काही देता येत नाही, अधीक्षकांची परवानगी लागते आणि बाहेरचं अन्न सहसा आत घेत नाहीत. धर्मग्रामात तुरुंगसेवा करणारा गट असतो का ते विचारा, त्यांच्यामार्फत जा. बाहेर राहिलेल्या कैद्याच्या कुटुंबाला मदत करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यांच्या दारी कुणी जात नाही.

मराठी_उपासक
संकुलात सगळ्यांसाठी मिळून काही करायचं असेल तर स्मरणाची छोटी उपासना करता येते. काही चर्च २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, शोकात असलेल्यांसाठी अशी उपासना घेतात. क्लबहाऊसमध्ये पाऊण तास पुरे. मोठ्या परातीत चार बोटं वाळू भरून मधोमध एक जाड मेणबत्ती. येणाऱ्याने तिच्यावरून आपली बारीक मेणबत्ती पेटवून वाळूत रोवायची. बारीक मेणबत्त्या एकमेकींना चिकटून लावल्या की उष्णतेने वाकतात आणि एकदम वितळून पसरतात, म्हणून दोन बोटांचं अंतर ठेवा. पंखे बंद करावे लागतात, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि एक बादली पाणी हाताशी. नावं आधी कागदावर घ्या, कुणाच्या हातात माईक देऊ नका; शोकात माणूस बोलायला लागला की थांबणं त्याच्या हातात राहत नाही आणि नंतर त्याला लाज वाटते. हिंदू शेजाऱ्यांनी आपल्या माणसांची नावं दिली तरी चालतं, मी तर आग्रहाने घ्या म्हणेन. शेवटी चहा हवाच. लोक खरं बोलतात ते तेव्हा.

कावेसर_ई_विंग
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. पहिल्या घरी, म्हणजे कॅथलिक काकूंकडे, २४ ला सकाळी साधे कुलकुल आणि करंज्यांचं छोटं ताट. २७ ची मिस्सा सांगू, त्यांना तारीख विचारून. दुसरं घर जालन्याकडचं आहे, पंथ विचारून घेतो. प्रोटेस्टंट असेल तर मिस्साचा विषय नाही, १३ वं स्तोत्र आणि डबा. आजींकडे बॅटरीची मेणबत्ती, सिलिंडरची चौकशी २३ ला, कम्युनियनची नोंद उद्याच. कॅरोल फोन करून, चौघंच, पेटीशिवाय. डब्यांचे वार २६ पासून वाटलेत.

ऐरोली_सिस्टर
आजींच्या घरी त्यांची काळजी घेणारी सून किंवा लेक असेल, तिला २५ ला दोन तास सुट्टी द्या. कुणीतरी बसा, म्हणजे तिला चर्चला जाता येईल. बसणाऱ्याला ऑक्सिजनचा आकडा कुठे बघायचा आणि कुणाला फोन करायचा हे आधी लिहून दाखवा.

नेरूळचा_भाचा
मिस्साची वेळही विचारून ठेवा. मध्यरात्रीची म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी ती रात्री लवकर सुरू होते. काकूंना कुणी गाडीने नेणार असेल तर कापूरबावडीच्या गर्दीचा हिशेब धरून निघा.

कुलकुलवाली
डबे वापरून टाकायचे घ्या किंवा जुने स्टीलचे, आणि देतानाच सांगा की परत नको. आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही, त्या घरात तो भरून पाठवायची चिंता लागून राहील.